खुंटवळे लोक कसे उत्पन्न जाहले

श्री. नमन त्या गणरायास, ज्याचे मस्तक एका जातीचे, धड दुसऱ्या जातीचे, वाहन तिसऱ्याच जातीचे, आणि तरीही पहिल्या पानाचा मान ज्याच्यापासून आजवर कोणी काढून घेतला नाही. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामति लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. वाचणारास जे कमी वाटेल ते त्याने पदरचे घालावे, आणि जे झोंबेल ते शेजाऱ्याविषयी आहे ऐसे समजावे.

त्या राज्याचे महाराज शेजारच्या राज्यात लग्नास गेले होते. तेथे जेवण सुमार होते, म्हणून महाराज ताटाऐवजी इकडे तिकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्यांस एक शाळा दिसली. शाळेत नाना आळ्यांची, नाना वेषांची मुले एका सतरंजीवर बसून धडा घोकीत होती, की माणसास जन्मावरून, पेहरावावरून, ताटातल्या पदार्थावरून तोलू नये. आता महाराजांचा स्वभाव ऐसा, की शेजाऱ्याकडे जे असेल ते आपणांकडे नाही याचे त्यांस फार दुःख होई. मागे शेजाऱ्याने शहामृग आणविला तेव्हा महाराजांनी अन्न वर्ज्य केले होते. मग महाराज परत आले आणि पगडी उतरविण्याआधीच फर्माविले, की आपल्याही शाळांतून ऐसा धडा शिकवावा, आणि तो त्यांच्याहून लांब असावा.

दिवाण अंतोबा हात जोडून बोलिले, "हुजूर, आज्ञा शिरसावंद्य. परंतु आपल्या राज्यात भेदभाव म्हणून नाहीच. ज्याचा तो आपापल्या जागी सुखी आहे."

महाराज बोलिले, "नाही ना? मग शिकवायला सोपे जाईल."

येणेप्रमाणे ते काम रखमाजी पंतोजींच्या गळ्यात येऊन पडले. पंतोजींची शाळा देवळाच्या ओसरीवर भरे, आणि मुले आपापल्या सतरंज्या घेऊन येत. पेठेतल्या मुलांची सतरंजी खांबाशी, कुंभारआळीची भिंतीशी, कोष्टीआळीची त्यापलीकडे, आणि वेशीबाहेरची पोरे खाली पायरीवर, जेथे सतरंजीही नसे आणि सावलीही नसे. त्यांस तेथे कोणी बसविले, हे पंतोजींस कोणी पुसले असते तर ते म्हणाले असते की कोणी नाही, आपोआप बसतात. पंतोजी माणूस सालस, कोणाचे वाईट चिंतिले नाही, आणि पायरीकडे पाहिले तर उन्हाने डोळे दिपतात म्हणून तिकडे फारसे पाहिलेही नाही. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटून त्यांचे पुढले दात गेले होते, त्यामुळे भाकरीचा काठ चावेना. मग ते भाकरीच्या मधोमध अंगठा घालून मऊ तेवढी खात आणि काठ गाईस देत. बायको आवडाबाई म्हणे, "भाकरी आहे का विहीर खणताय?" परंतु लेक चिमाबाई बापाच्या मांडीवर जेवून वाढलेली, तीही तशीच मधून मोडी. शाळेत मात्र मुलांदेखत पंतोजीने जेवू नये ऐसा रिवाज, सबब ते दुपारी खांबाआड भिंतीकडे तोंड करून बसत, आणि ही गोष्ट घराबाहेर कोणास ठाऊक नव्हती.

त्या चिमाबाईची सोयरीक कोतवाल येसाजीराव यांचे चिरंजीव सुभानजी यांजशी ठरली होती. दोन्ही घरे एका पंक्तीची, आणि पोराने पोरीस पाणवठ्यावर पाहिले होते, आणि पोरीने पाहिले नाही ऐसे दाखवून चांगले निरखून पाहिले होते. साखरपुडा व्हावयाचा राहिला होता. आवडाबाई पंतोजींस म्हणाली, "महाराजांचे काम नीट करा. काही घोटाळा केलात तर कोतवाल सोयरीक मोडायला निमित्तच शोधतोय, आणि पोरीचा जीव तिकडे जडलाय." पंतोजी म्हणाले, "धडा तर लिहायचा आहे, त्यात कसला घोटाळा?"

मग पंतोजींनी धडा लिहिला, की एकदा कुंभाराच्या मुलास तहान लागली आणि त्यास कोणी पाणी दिले नाही, हे वाईट जाहले. दुसरे दिवशी कुंभारआळी दारात उभी, की आम्हांस कोणी पाणी देत नाही ऐसे लिहून आमची अब्रू का काढता, आमच्याच मडक्यातले पाणी सारे गाव पिते. मग पंतोजींनी लिहिले, की पेठेतल्या एकाने पाणी दिले नाही. तर पेठ आली, आणि पेठ काठ्या घेऊन आली. वेशीबाहेरचे मात्र कोणी तक्रारीस आले नाही, कारण त्यांजविषयी लिहावे हे पंतोजींस सुचलेच नव्हते. दिवाण अंतोबांनी पंतोजींस बाजूस घेऊन सांगितले, "ज्याचा अपमान जाहला त्याचे नाव नको, ज्याने केला त्याचेही नको. पण अपमान मात्र स्पष्ट दिसला पाहिजे, हुजूरांस लांब धडा हवा आहे."

मग पंतोजी खांबाआड डोके धरून बसले. समोर भिंतीस खुंटी होती, खुंटीस पगडी होती, हातात मध्ये मोडलेली भाकरी होती, आणि नाकात धूळ गेल्याने शिंक येऊ घातली होती म्हणून मान वर जाहली होती. त्याच क्षणी पंतोजींस सुचले, की असलेल्या लोकांवरून तंटा होतो, तर नसलेले लोक घ्यावे. आणि जे समोर होते त्यातून त्यांनी ते लोक रचिले. धडा ऐसा: "डोंगरापलीकडे खुंटवळे नावाचे लोक राहतात. ते भाकरी मधून मोडतात. शिंक येऊ लागली म्हणजे ते वर आभाळाकडे पाहतात. एरवी ते आपणांसारखेच आहेत. त्यांचा द्वेष करू नये."

दुसरे दिवशी धडा शिकविला. पेठेतला एक मुलगा उठून बोलिला, "पंतोजी, हे खुंटवळे आपल्या वर का खाली?"

"वर नाहीत, खालीही नाहीत. शेजारी."

"शेजारी म्हणजे कोणाच्या? माझ्या शेजारी नको."

कुंभाराचा म्हणाला, "माझ्याही नको. मधून मोडतात म्हणजे काय! शी!"

कोष्ट्याचा म्हणाला, "पण द्वेष का करायचा नाही? काही केलेय का त्यांनी?"

पंतोजी म्हणाले, "काही केले नाही, म्हणूनच करायचा नाही."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. काही केले नाही आणि तरी द्वेष करू नका म्हणून दरबारातून हुकूम आला, त्याअर्थी काहीतरी मोठेच केले असले पाहिजे, ऐसा त्यांनी विचार केला. मग मधल्या सुटीत मुलांची मसलत बसली. खुंटवळे शाळेत आले तर बसतील कोठे? ओसरीवर तर बसू देता येणार नाही. तर पायरीवर. पायरीवर वेशीबाहेरची पोरे आहेत, ती उठविली पाहिजेत. ती कोठे बसतील? वर बसतील. सतरंजी नाही. मग सतरंज्या जोडल्या पाहिजेत. सुटी संपवून पंतोजी खांबाआडून येतात तो काय पाहतात, की सर्व सतरंज्या एकीस एक लावून अंथरल्या आहेत आणि पेठ, कुंभारआळी, कोष्टीआळी आणि वेशीबाहेर ऐसे मांडीस मांडी लावून बसले आहेत, आणि पायरी खुंटवळ्यांसाठी मोकळी सोडली आहे. पाण्याचा माठही एक जाहला. दुसरा माठ खुंटवळ्यांचा म्हणून पालथा घातला. पंतोजींच्या डोळ्यांस पाणी आले. दिवाण येऊन पाहून गेले, महाराज येऊन पाहून गेले, पंतोजींस शाल मिळाली, आणि तो धडा राज्यातल्या साऱ्या शाळांस पाठविला. कोतवाल येसाजीराव स्वतः घरी येऊन म्हणाले, "व्याही, आता साखरपुड्यास उशीर नको."

ऐसे जाहले, आणि मग मुले घरोघर गेली आणि आईबापांस धडा शिकविती जाहली. राज्यात आजवर कोणी कोणाची शिंक पाहिली नव्हती, ती आता लोक पाहू लागले. आणि शिंक येताना वर न पाहणारा माणूस ब्रह्मदेवाने घडविलाच नसल्यामुळे जो तो शिंक दाबू लागला. तालमीतला एक पहिलवान खाली पाहून शिंकावयास गेला आणि त्याची मान आखडली. भाड्याने घर मागणारास घरमालक आधी भाकरी खावयास घाली आणि हातांकडे टक लावून बसे. भाडेकरूस वाटे, काय प्रेमळ माणूस आहे. धर्मशाळेत कोणी मधून मोडलेली भाकरी टाकून गेला, तर धर्मशाळा धुऊन काढिली, आणि धुणारा शिंकला म्हणून पुन्हा धुविली.

त्या बाजारात धोंडजी नावाचा एक गृहस्थ खुंट्या विकीत असे. त्याचा धंदा बसला होता, आणि भिंतीवरली खुंटी पाहून लोक तोंड फिरवू लागल्यावर तो पुरताच बसला. मग तो एके दिवशी भरजरी पागोटे बांधून दरबारात आला आणि गर्जून बोलिला, "महाराज, आम्ही खुंटवळे. आमचा मूळपुरुष डोंगरातून एक खुंटी घेऊन निघाला, ती त्याने जेथे ठोकली तेथे हे राज्य वसले. आमचा ऐसा छळ! आम्हांस दरबारात जागा पाहिजे." त्याच्यामागे बरेच लोक आले होते, आणि कित्येकांस आपण खुंटवळे आहोत हे त्याच सकाळी कळले होते.

रखमाजी पंतोजी तेथे शाल पांघरून बसले होते. ते घाबरून उठले आणि म्हणाले, "महाराज, गुन्हा माफ असावा. खुंटवळे म्हणून कोणी नाहीतच. मी रचिले. पगडी खुंटीला होती, म्हणून."

धोंडजीने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "ऐकलेत? इतके दिवस लोक आम्हांस वाईट म्हणत होते. हे म्हणतात, आम्ही नाहीच! महाराज, याहून आणखी द्वेष तो कोणता?"

सारा दरबार "खरे आहे, खरे आहे" म्हणाला. पंतोजी म्हणाले, "अहो, पण मला ठाऊक आहे ना, मीच..." दिवाण म्हणाले, "पंतोजी, खाली बसा. शोभत नाही." मग महाराजांनी निवाडा केला, की धोंडजीस दरबारात जागा द्यावी, आणि खुंटवळ्यांविषयी खुंटवळ्यानेच सांगावे हे न्याय्य असल्यामुळे शाळाही त्यांनीच शिकवावी, आणि रखमाजी पंतोजींचे मन कलुषित जाहले आहे, तरी त्यांनी मुलांत बसून आपलाच धडा पुन्हा शिकावा.

मग दुसरे दिवशी पंतोजी विद्यार्थी होऊन आपल्याच शाळेत आले. सतरंज्या भरल्या होत्या. मोकळी होती ती पायरी. पंतोजी पायरीवर बसले. धोंडजी तर खरा खुंटवळा, परंतु दरबारातला, सबब त्यास पायरी दाखवावी हे कोणाच्या मनातही आले नाही. तो पंतोजींच्या गादीवर बसून आपल्या मूळपुरुषाची खुंटी वर्णू लागला. ऊन चढले. पायरीचा दगड तापला. पंतोजी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होऊ लागले, आणि त्यांच्या मनात आले, की या दगडावर ती पोरे पाढे कशी म्हणत होती? आणि आपण त्यांस म्हणत होतो, चुळबुळ करू नका! मग दुपार जाहली आणि पंतोजींनी शिदोरी सोडली. पायरीवर खांब नव्हता. त्यांनी सवयीने भाकरीच्या मध्ये अंगठा घातला.

एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "अगं बाई! पंतोजी!" मग सगळ्यांनी पाहिले. पेठेतला म्हणाला, "तरीच म्हटले, यांना त्यांची इतकी माहिती कशी!" कुंभाराचा म्हणाला, "म्हणजे धोंडजी गादीवरचे खुंटवळे, आणि पंतोजी पायरीवरचे खुंटवळे." येणेप्रमाणे जे लोक मुळात नव्हते त्यांच्यात पोटजातही पडली.

सायंकाळी कोतवाल येसाजीराव पंतोजींच्या दारात आले, परंतु उंबऱ्याच्या आत आले नाहीत. म्हणाले, "व्याही, माझे काही नाही हो. मी कुठे मानतो? पण लोक बोलतात."

पंतोजी म्हणाले, "कोतवाल, माझे पुढले दात नाहीत. एवढेच कारण."

"असेल, असेल. प्रत्येकाचे काही कारण असतेच. तर मी काय म्हणतो, उद्या साखरपुड्याची पंगत आहे. आमची सारी भावकी येईल. तुम्ही सर्वांदेखत काठावरून भाकरी मोडून खा. विषय मिटला. नाहीतर..." आणि कोतवालांनी मिशीवरून हात फिरविला. सुभानजी त्यांच्यामागे उभा होता. तो बापास म्हणाला, "आबा, भाकरीवरून..." कोतवाल म्हणाले, "तू गप रे. तुझे लग्न आहे, तुझा काय संबंध?"

ते गेल्यावर आवडाबाईने चुलीवर भाकरी टाकली आणि नवऱ्यास शिकवावयास बसली. "काठाला धरा. काठाला! विंचू आहे का तो? हां, आता मोडा. अहो, अंगठा कुठे चालला मध्ये! काढा तो अंगठा!" पंतोजींनी काठ मोडला, तोंडात घातला, आणि तो तोंडात इकडून तिकडे फिरत राहिला. त्यांच्या हिरडीतून रक्त आले. ते म्हणाले, "खाईन. पोरीसाठी दगड खाईन." चिमाबाई कोपऱ्यात बसून आपली भाकरी मधून मोडून खात होती. ती काहीच बोलली नाही, आणि ज्या घरात ती काही बोलत नसे त्या घरात पुढे काहीतरी घडे, हे आवडाबाईस ठाऊक होते, परंतु त्या गडबडीत ध्यानात आले नाही.

दुसरे दिवशी अंगणात पंगत बसली. कोतवाल, सुभानजी आणि त्यांची भावकी एका अंगास, पंतोजी त्यांच्या समोर, आणि कुंपणावर चढून शाळेतली सारी मुले. साऱ्यांच्या नजरा पंतोजींच्या हातांवर. नवरीने वाढावयास येऊ नये, परंतु चिमाबाई हटून बसली की मीच वाढीन, आणि परडी घेऊन बाहेर आली. तिने पहिली भाकरी कोतवालांच्या पानात ठेविली. कोतवालांनी खाली पाहिले, आणि पुन्हा वर पाहिले. भाकरीच्या मधोमध भोक होते, आणि भोकात लसणाची लाल चटणी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा.

"हे काय?" कोतवाल म्हणाले.

"भाकरी, मामंजी."

"मोडलेली?"

"होय. मधून. सगळ्यांच्याच. आता कोणी काठाने खाल्ली, कोपऱ्याने खाल्ली, तरी मधून मोडलेलीच खाल्ली. बाबांचे दात नाहीत, आणि मला दात असून मी अशीच खाते, हे लग्नानंतर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. वाढू का दुसरी?"

पंतोजी डोळे मिटून बसले, की आता उठतील, आता उठतील. आवडाबाई चुलीपाशी होती. बाहेरचे बोलणे ऐकण्याच्या नादात पिठल्याच्या फोडणीत दोन-चार सुक्या मिरच्या पडायच्या त्या मूठभर पडल्या. त्यांचा झणझणीत धूर अंगणात आला. आधी सुभानजीची मान वर जाहली. त्याने आभाळाकडे पाहिले आणि तो शिंकला. मग त्याचा चुलता. मग सारी भावकी एका वेळी माना वर करून बसली, जणू कोणी चंद्रग्रहण पाहते आहे. येसाजीराव कोतवाल मोठे निग्रही पुरुष. त्यांनी मान खाली दाबली, मिशा थरथरल्या, चेहरा जांभळा जाहला, आणि मग पागोटे मागे पडून मान वर गेली आणि ऐशी शिंक आली की कुंपणावरली मुले खाली पडली.

मग कोतवालांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "व्याही, आभाळ निरभ्र आहे हो."

"आहे खरे," पंतोजी म्हणाले.

सुभानजीने भाकरीच्या भोकात बोट घातले, लोणी आणि चटणी घेऊन मऊ तुकडा मोडला आणि खाल्ला. म्हणाला, "आबा, मऊ भाग आधी येतो." कोतवालांनी थोडा वेळ लोण्याकडे पाहिले. लोणी विरघळू लागले होते, आणि लोणी विरघळू देणे हे त्यांच्या कुळात कधी घडले नव्हते. त्यांनी अंगठा घातला.

येणेप्रमाणे साखरपुडा पार पडला आणि पुढे लग्नही यथासांग जाहले. कोतवालांनी मधून मोडिली म्हणून गावाने मधून मोडावयास आरंभ केला, आणि धोंडजी दरबारात संतापून बोलिला, की खरे खुंटवळे काठानेच मोडतात, हे नक्कल करणारे आहेत. कोणी ऐकले नाही. महाराजांस तोवर शेजाऱ्याकडे नवे कारंजे आल्याची बातमी लागली होती. पंतोजींस शाळा परत मिळाली. खुंटवळ्यांचे भय गेले, म्हणून मुलांनी सतरंज्या सोडविल्या आणि जो तो आपापल्या जागी जाऊ लागला, आणि वेशीबाहेरची पोरे कोणी न सांगता पायरीकडे निघाली. पाहतात तो पायरीवर पंतोजी बसले आहेत. "आम्ही कुठे बसू?" पोरांनी पुसले. पंतोजी म्हणाले, "माझ्या गादीवर बसा. ही जागा धरलेली आहे." त्या दिवसापासून ते छत्री घेऊन पायरीवर बसूनच शिकवू लागले, कारण ती मोकळी राहिली तर कोणास तरी बसावे लागते, हे त्यांस कळले होते.

पुढे चिमाबाई माहेरपणास आली आणि बापाजवळ पायरीवर बसून हळूच म्हणाली, "बाबा, एक सांगू? आमच्या सासूबाई सगळ्यांसमोर मधून मोडतात, पण माजघरात दार लावून काठ खातात. त्यांना काठच आवडतो."

पंतोजींचे डोळे लकाकले. म्हणाले, "अस्सं? म्हणजे असेही लोक आहेत तर. त्यांना काय म्हणावे बरे..."

चिमाबाईने बापाच्या तोंडावर हात ठेविला आणि म्हणाली, "बाबा, पाया पडते, नाव सुचवू नका. तुम्ही नाव दिलेत की माणसे येतात."

इतके वर्तमान. सारांश ऐसा, की भेदभाव नव्हता तेव्हा पायरीवर पोरे होती, आणि तो शिकविल्यावर पंतोजी आहेत. लिहिणारा वर पाहून शिंकतो. वाचणाराने स्वतःचे पाहावे.